शकूला लावलेलं उटणं

माणसांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं म्हणून मला पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागलेल्या मुलामुलींना पहिले दहा दिवस सांभाळायचं, कोणाशी कसं बोलायचं, कोणाच्या खुर्चीवर बसायचं नाही, हे समजावून सांगायचं, असं माझं काम. या कामाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आई त्याला 'बालवाडी' म्हणते.

तेव्हा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण होतो. मी, बायको मेधा, दहा वर्षांची सई, आई आणि दोन मांजरं. त्यातला तात्या हा सईचा. पाच वर्षांचा केशरी बोका. ऑपरेशन झाल्यापासून त्याने संसारातून लक्ष काढून घेतलं होतं आणि तो दिवसभर फ्रीजवर बसून आमचा संसार बघायचा. दुसरी शकू. राखाडी, तेरा वर्षांची, आणि ती फक्त आईची.

शकूला बाबांनी आणलं होतं. बाबा गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा एक ट्रंक, तुळशीची कुंडी आणि शकू एवढंच तिच्याबरोबर आलं. दुपारी एक ते चार आई झोपायची आणि शकू तिच्या पायाशी. चारला उठून आई तिला भाजीचे भाव सांगायची, माझ्याबद्दलच्या तक्रारी सांगायची (त्या भाजीपेक्षा जास्त असायच्या), आणि शकू सगळं ऐकून घ्यायची. शकूला काही झालं तर आईचं काय होईल, हा विचार आम्ही कोणी करत नव्हतो, कारण तो करवत नव्हता.

आणि असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दिवाळीच्या आठवडाभर आधी माझ्या गाडीच्या बॉनेटमधून आवाज यायला लागला. मला वाटलं बेल्ट गेला. हिंजवडीपासून चांदणी चौकापर्यंत मी तो आवाज ऐकत, खर्चाचा अंदाज बांधत आलो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या बेल्टला शेपूट आहे."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये चढलेलं पिल्लू होतं ते. मूठभर जीव, काळंपांढरं, ग्रीसने माखलेलं. गॅरेजवाला म्हणाला, ठेवून जा. मी ठेवलं, गाडीत बसलो, चावी फिरवली आणि परत उतरलो.

घरी आईने दार उघडलं.

"काय ते?"

"पिल्लू."

"ते दिसतंय. इथे का दिसतंय?"

तोवर सई येऊन पोचली होती आणि तिने ते पिल्लू छातीशी धरलंही होतं. म्हणजे निर्णय झालेलाच होता, आता फक्त चर्चा बाकी होती. आईने पिल्लाला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "ठेवा. पण माझ्या शकूला त्रास झालेला मला चालणार नाही. म्हातारी आहे ती. या वयात एकदा घर बदलावं लागलं, तेवढं पुरे झालं."

ती एकट्या शकूबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं. मी घाईघाईने म्हणालो, "आई, तू काळजीच करू नकोस. नवीन आलेल्याला जुन्यांमध्ये रुळवणं हे माझं रोजचं काम आहे."

"म्हणूनच काळजी वाटते," आई म्हणाली.

घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, त्यामुळे त्या काळात मला कुठल्याही विषयातलं कळत असे. रात्रीत मी बावीस पानं वाचली. सगळ्यांचं मत एकच: नवीन पिल्लू एकदम जुन्या मांजरांपुढे आणायचं नाही. आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. दाराच्या फटीतून वास घेऊ द्यायचा. मग एकमेकांच्या अंगाखालची फडकी बदलायची, म्हणजे वासाची ओळख होते. मग लांबून दर्शन. मांजरांचं सगळं नाकावर चालतं, डोळ्यांवर नाही. मी दहा दिवसांचा तक्ता केला, त्याला तीन रंग दिले, ऑफिसमधून प्रिंट काढून आणला आणि फ्रीजवर चिकटवला. तात्याने वरून शेपूट सोडून चौथा दिवस झाकून टाकला.

आईने चष्मा लावून तक्ता वाचला. "दहा दिवस वेगळी खोली? सुवेर आहे का?"

"मग दहाव्या दिवशी काय, बारसं?" मेधाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बारसं बाराव्या दिवशी असतं," आई म्हणाली.

अशा वातावरणात मी काम सुरू केलं. पिल्लाला अभ्यासाच्या खोलीत ठेवलं. तात्या पहिल्या दिवशी दाराशी येऊन गुरगुरला, दुसऱ्या दिवशी नुसता बसला, तिसऱ्या दिवशी कंटाळला. शकू त्या दारावरून जाताना मान वळवायची, पुणेरी माणूस नको असलेल्या ओळखीच्या माणसाला बघून वळवतो तशी. मग मी फडकी सुरू केली. तिघांना तीन जुनी फडकी अंथरून दिली आणि रोज सकाळी ती आपसात बदलायला लागलो. कोणी गुरगुरलं नाही. कोणी फडक्याकडे ढुंकून पाहिलंही नाही. मी ऑफिसात जेवताना सगळ्यांना सांगितलं, बघा, पद्धतशीर केलं की कसं होतं.

पाचव्या दिवशी मला बाल्कनीतल्या दोरीवर तिन्ही फडकी वाळत घातलेली दिसली.

"आई, ही कोणी धुतली?"

"मीच धुते रोज पहाटे. किती घाण वास मारत होती."

"आई, तो वासच पाहिजे होता."

"कोणाला?"

"मांजरांना."

"मग त्यांनी सांगायचं होतं," आई म्हणाली, आणि तिने फडक्यांना चिमटे लावले.

म्हणजे फडकी सुरू केल्यापासून आमची मांजरं एकमेकांऐवजी साबणाची ओळख करून घेत होती. पाच दिवस पाण्यात गेले. त्यात मेधाने आठवण करून दिली की परवा तिचे दादा-वहिनी आणि दोन मुलं नाशिकहून दिवाळीला येणार आहेत, आणि त्यांना झोपायला अभ्यासाच्या खोलीशिवाय दुसरी जागा नाही.

"परवापर्यंत होईल ना रे तुझं?"

"होईल," मी म्हणालो. ऑफिसमध्ये मुदत जवळ आली की आम्ही चार पायऱ्यांची एक पायरी करतो. त्याने तिथे जे होतं, तेच घरीही झालं.

धनत्रयोदशीचा दिवस होता. मी रजा घेतली होती. आई दरवर्षी घरी उटणं करते. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या, सगळं आणून, वाळवून, कुटून, तलम कापडातून गाळून. मग त्याच्या पुड्या बांधून नात्यात आणि शेजारीपाजारी वाटते. ती भरलेली बरणी ओट्यावर होती आणि घरभर घमघमाट होता. मी चहा पीत त्या बरणीकडे बघत होतो, आणि मला अचानक सुचलं. भांडण कशाचं? वेगवेगळ्या वासांचं. मग तिघांचा वास एकच केला तर? फडकी नकोत, दहा दिवस नकोत, काही नको. मलाच माझं इतकं कौतुक वाटलं की मी दुसरा कप घेतला.

दीड वाजला. आई झोपली होती. मेधा आणि सई पणत्या आणायला गेल्या होत्या. शकू पाणी प्यायला बाहेर आली, तसं मी आईच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि कामाला लागलो.

तात्याला ते आवडलं. त्याने पोटसुद्धा वर करून दिलं. शकूने काही केलं नाही. आयुष्यात आणखी काय काय बघायचं राहिलंय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली. पिल्लू सात वेळा शिंकलं. कोरडं उटणं केसांत टिकत नव्हतं म्हणून मी हात जरा सढळ सोडला. संपलं तेव्हा घरात तीन पिवळी मांजरं होती, आणि बरणीत तळाला हळदीची रेघ.

मी अभ्यासाच्या खोलीचं दार उघडलं. पिल्लू तुरुतुरु बाहेर आलं. तात्याने त्याला हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि खाली बसला. मी अक्षरशः टाळी वाजवणार होतो. बावीस पानं लिहिणाऱ्यांना जे जमलं नाही ते आईच्या उटण्याने करून दाखवलं होतं.

मग तात्या शकूकडे वळला.

पाच वर्षं ती दोघं एका घरात होती. तात्या लहान असताना शकूने त्याला चाटून मोठा केला होता. त्याने सवयीने तिच्या मानेशी नाक नेलं, आणि तिथे शकू नव्हती. तिथे नागरमोथा होता. तो धनुष्यासारखा वाकला आणि असा फिस्कारला की मीच दोन पावलं मागे गेलो. शकूने त्याच्या थोबाडीत दिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती दोघं एकमेकांना ज्या वासाने ओळखत होती, तोच मी झाकून टाकला होता. घरात एक अनोळखी होता, मी त्याचे तीन केले.

पुढचं फार वेळ चाललं नाही, पण पसरलं बरंच. सोफ्याचं पांढरं कव्हर, नुकतेच धुतलेले पडदे, रांगोळीचा डबा, असा त्यांचा मार्ग होता. मी मध्ये पडलो आणि दोघांकडून प्रसाद घेतला. नेमकं त्याच वेळी मेधाने बाहेरून किल्लीने दार उघडलं, आणि शकू तिच्या पायांतून बाहेर, जिन्याकडे.

"आत्ता काहीतरी पिवळं गेलं," मेधा म्हणाली.

आत पिल्लू सोफ्यावर बसून पंजे चाटत होतं.

मी दोन तास जिने चढलो-उतरलो. चारला घरी आलो तर आई उठली होती. तिने पायाशी हात फिरवून बघितला होता, पलंगाखाली वाकून बघितलं होतं. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं, भिंती पिवळ्या झाल्या होत्या. आणि मग मी मान खाली घालून बोलणी खायला उभा राहिलो.

आई म्हणाली, "बरं."

एवढंच. आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. चाळीस वर्षांत आईने मला साध्या चहाच्या कपावरून पंधरा-पंधरा मिनिटं ऐकवलेलं आहे. तिचं ते 'बरं' ऐकून मला जी भीती वाटली, ती मला तोवर कधीच वाटली नव्हती.

मी पुन्हा बाहेर पडलो. गेटवर वॉचमनला विचारलं, "मांजर गेली का इथून?"

"कसली?"

"राखाडी. म्हणजे, पिवळी."

"दोन आहेत का?"

"एकच आहे. मूळची राखाडी, आत्ता पिवळी."

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि सणासुदीचं घरी जाऊन आराम करा म्हणाला. मग मी नोटीस लिहिली आणि फलकावर लावायला गेलो, तर आमचे सेक्रेटरी चष्मा पुसत मागे उभे.

"फलकावर काही लावायचं तर आधी मंजुरी लागते. अर्ज केलाय?"

"अहो, आईची मांजर हरवलीय."

"असेल. वाचू द्या." त्यांनी वाचलं. "'राखाडी मांजर, कंसात सध्या पिवळी.' हे काय? राखाडी की पिवळी? लोकांचा गोंधळ उडेल. एक काहीतरी लिहा."

"दोन्ही आहे."

"मांजर दोन्ही असू शकत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पेनने कंस खोडला आणि खाली सही केली. वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं.

वर आलो तर सई जिन्यातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आजी चहा पण प्यायली नाही. मला म्हणाली, आजोबांनी शकूला कोटाच्या खिशातून आणलं होतं. बसमध्ये कोणाला कळू नये म्हणून सगळा रस्ता खोकत आले होते. म्हणाली, त्यांच्या हातचं तेवढं एकच राहिलं होतं."

मी सईला घरात पाठवलं आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो. शकूसाठी घेतलेली दुधाची वाटी हातात तशीच होती. मला रडू आलं. मी नवीन माणसांना सांभाळून घेण्यात पटाईत, आणि घरातल्या जुन्या माणसाची एकुलती एक सोबत मी एका दुपारीत घालवली होती.

दिवेलागणीला बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या वानखडेकाकू होत्या. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, मुलाला इथे आयटीत नोकरी लागली म्हणून दोन महिन्यांपूर्वीच राहायला आलेल्या. आमची मांजरं त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"सापडली काहो तुमची मांजर?" त्यांनी विचारलं. "मी बोर्डावर वाचलं अन् गच्चीपर्यंत जाऊन आली. पार्किंगमंदी पाहिलं. पण राखाडी मांजर मले कोठंच दिसली नाही."

"नाही सापडली," मेधा म्हणाली. "तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

"त्रास कायचा त्यात? जीवच हाय तो. आता आमच्याइथं एक येऊन बसली दुपारपासून, पण थे काही तुमची नव्हं. थे पिवळी हाय."

मेधाने माझ्याकडे बघितलं. काकू उत्साहाने पुढे म्हणाल्या, "मी दारात रांगोळी काढत होती, तं थे सरळ आत आली, देवघरापुढं जाऊन बसली. धनतेरशीच्या दिवशी सोन्याच्या रंगाची मांजर घरात आली, मी कशी हाकलू तिले? कुंकू लावलं, ओवाळलं, वाटीभर साय देली."

आई उठली. चप्पलसुद्धा न घालता समोर गेली, आणि आम्ही सगळे तिच्या मागे.

शकू पाटावर बसली होती. कपाळावर कुंकू, डोक्यावर दोन अक्षता, पुढे सायीची रिकामी वाटी. तात्याच्या जवळ जायला ती घाबरली असती, माझ्या तर नक्कीच. पण आई तिच्यापुढे जमिनीवर बसली (गुडघे दुखतात म्हणून ती गेली चार वर्षं जमिनीवर बसत नाही) आणि नुसतं म्हणाली, "शकू." शकूने तिचा हात हुंगला आणि सरळ मांडीत जाऊन बसली. आईला मी उटणं लावलं नव्हतं, एवढं आमचं नशीब.

आईने डोळ्यांना पदर लावला. वानखडेकाकूंनीही लावला. "तुमची होय का ही? असू द्या, आजी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बी पाठवा."

घरी आल्यावर आई शकूला घेऊन सोफ्यावर बसली. माझ्याशी अजून एक शब्द नाही. तिने फडकं ओलं करून मागितलं आणि शकूला पुसून काढलं. मग तात्याला खाली बोलावलं आणि त्याच फडक्याने त्याला पुसलं. मग पिल्लाला. मग पुन्हा शकूला. असं कितीतरी वेळ. फडकं पिवळं झालं, मांजरं हळूहळू आपापल्या रंगावर आली. तात्याने शकूच्या मानेशी नाक नेलं, थांबला, आणि तिचा कान चाटायला लागला. पिल्लू आईच्या पदराखाली शिरलं. शकूने त्याला एक चापट मारली, अगदी हलकी, आणि डोळे मिटले.

"एकच फडकं तिघांना," मेधा माझ्या कानाशी म्हणाली. "हे तुझ्या कागदात होतं ना रे?"

"होतं," मी म्हणालो. "सातव्या दिवशी."

आई हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर बसून ऐकत होतो. नळ बंद झाला. मग ओट्यावर काचेची बरणी उचलल्याचा आणि परत ठेवल्याचा आवाज.

"मंदार," आईची हाक आली, "हे सगळं उटणं संपवलंस तू?"

आणि मग ती सुरू झाली. आंबेहळद कुठून मागवली होती, कुटताना खांदा कसा भरून आला, कोणाकोणाच्या पुड्या बांधायच्या राहिल्या होत्या, उद्या पहाटे आता सगळ्यांच्या अंगाला काय पडदे पिळून लावायचे का, शिक्षणावर एवढा खर्च करून मुलगा शेवटी काय शिकला तर मांजरांना हळद लावायला, आणि ऑफिसात तरी मी काय दिवे लावत असेन. पाऊण तास. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. मी दारात उभा राहून ऐकत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं वाटत होतं, की आवरता आवरेना आणि मी हसलो.

आईने ते पाहिलं आणि पुन्हा आंबेहळदीपासून सुरुवात केली.